लिनक्स लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटतंय? फॉरमॅट करण्याआधी हे वाचा

(आमच्या बर्डीच्या दुकानातून लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून लॅपटॉप नेलेल्या ग्राहकांसाठी)

चालता चालता वायफाय तुटतं, आजूबाजूची सगळी नेटवर्क यादीतून नाहीशी होतात, कधी वायफायचं चिन्हच दिसेनासं होतं. अशा वेळी त्याच राउटरवर मोबाइल चालतोय का, ते आधी बघा. तोही अडकत असेल तर राउटर बंद करून पुन्हा लावा. मोबाइल नीट चालतोय आणि लॅपटॉपच रुसलाय, तर बहुधा ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कोसळलाय.

मे महिन्यात नागपुरात कुठल्याही बिघाडाचं खापर उन्हावर फुटतं. पारा पंचेचाळिशीपार गेला की लॅपटॉप मंदावतो, हे खरंच. पण काल अपडेट घेतलं आणि आज वायफाय गेलं, तर बिचाऱ्या उन्हाला दोष देऊ नका.

पहिला उपाय शटडाउनचा. रीस्टार्टने अनेकदा भागत नाही, कारण त्यात वायफाय कार्डाचा वीजपुरवठा तुटत नाही. शटडाउन करा, चार्जर काढा, मिनिटभराने सुरू करा. लॅपटॉपवर विंडोजही असेल तर तिथलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद ठेवा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि वायफाय कार्ड कधीकधी अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येतं.

अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल, तर कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे बघा. लिनक्समध्ये बहुतेक वायफाय ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. कर्नल बदलला की तेही बदलतात. आधीचा कर्नल सहसा डिस्कवर शिल्लक असतो. लॅपटॉप सुरू होताना एस्केप (जुन्या मशीनवर शिफ्ट) दाबा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि आधीच्या क्रमांकाचा कर्नल निवडा. तुमच्या फायलींना काही होत नाही. वायफाय टिकलं, तर पुढचं कर्नल अपडेट येईपर्यंत त्यावरच काम करा.

ब्रॉडकॉम कंपनीच्या वायफाय कार्डांची गोष्ट वेगळी. त्यांतल्या बऱ्याच कार्डांचा ड्रायव्हर कर्नलबाहेरचा असतो आणि दर नव्या कर्नलसाठी तो पुन्हा तयार व्हावा लागतो. तिथे गडबड झाली की वायफाय गायबच. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला देणं) सुरू करा आणि ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून (उबुंटूत ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’मधून) ड्रायव्हर पुन्हा टाका. तरीही चालला नाही, तर सिक्युअर बूट (लॅपटॉप सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) चालू आहे का ते तपासा. डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर ते आत येऊ देत नाही.

चार्जरवर ठीक आणि बॅटरीवर तुटतं, असं असेल तर वीजबचतीवर संशय घ्या. नेटवर्कमॅनेजरच्या (नेटवर्क जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगच्या फायलीत वायफाय पॉवरसेव्हसमोर 3 असेल तर 2 करायचं. 0 नव्हे! 2 म्हणजे बंद. जमत नसेल तर काउंटरवर करून देऊ.

एवढं करूनही तुटत असेल, तर वायफाय गेल्याची वेळ लिहून ठेवा आणि लॅपटॉप घेऊन या. त्या मिनिटाची कर्नलची नोंद आम्ही काढतो. इंटेलच्या कार्डात तिथे ‘मायक्रोकोड एरर’ दिसली, तर कार्डाचं फर्मवेअर (खुद्द कार्डावर चालणारं सॉफ्टवेअर) कोसळलेलं असतं. मग फर्मवेअर बदलून पाहतो. फॉरमॅट करून मात्र आणू नका, त्यात नेमक्या याच नोंदी पुसल्या जातात.