दीपकाडीला किती गुण?

दरवर्षी गणपतीच्या आगेमागे पेपरात एक बातमी हमखास येते, आपल्या जिल्ह्यातले अमुक सर जगातल्या टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांत. मग नाक्यावर फ्लेक्स लागतो, सरांचा सुटाबुटातला फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि मोठ्या अक्षरात 'स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून निवड'. यंदा आमच्या नाक्यावर त्या फ्लेक्सच्या बाजूलाच एका ज्योतिषाचा फ्लेक्स होता, 'अचूक भविष्य, फोनवरही'. एसटीची वाट बघत दोन्ही वाचून झाले आणि तिथूनच हा लेख डोक्यात आला.

आधी त्या निवडीचं सांगतो. निवड वगैरे काही होत नाही. स्टॅनफर्डचे जॉन इयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस नावाच्या डेटाबेसमधून कोणाच्या संशोधन-पेपरचा किती जणांनी उल्लेख केला (सायटेशन म्हणतात ते) हे आकडे काढतात, सहा वेगवेगळ्या निकषांचा मिळून एक स्कोअर करतात आणि त्या स्कोअरप्रमाणे रांग लावतात. सरांचा एकही पेपर कोणी बसून वाचलेला नसतो. सरांचं काम वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, कदाचित उत्तमच असेल, एवढंच की ते त्या यादीवरून कळत नाही.

पण मला त्या यादीपेक्षा सरांची जास्त काळजी आहे. आपण समजतो की मूल्यमापन म्हणजे थर्मामीटर. काखेत लावला, आकडा वाचला, झटकून ठेवला, मोजल्यामुळे ताप काही चढत नाही. माणूस मोजताना मात्र तो मोजला जातोय हे त्याला माहीत असतं आणि मग तो बदलतो, नुसता वागण्यात नाही, आपण कोण आहोत याबद्दलच्या त्याच्या कल्पनेतच.

माझा एक मित्र राजापूर-देवगड पट्ट्यात एका कॉलेजात बॉटनी शिकवतो (कॉलेजचं नाव नको). मीही तीन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलंय, सीएचबी म्हणतात ते, मग सोडलं आणि आता बाग बघतो, त्यामुळे मला मोजायच्या भानगडीत कोणी पडलंच नाही. हा मात्र कायम झाला. सुरुवातीला पहिला पाऊस पडला की हा पोरांना घेऊन सड्यावर जायचा. आपला कातळसडा उन्हाळ्यात नुसता भाजलेला काळा जांभा दिसतो, पण जूनमध्ये त्यावर दीपकाडी फुलते, पांढरी स्वच्छ फुलं, आणि ही वनस्पती आपल्या कोकण-गोव्याच्या पट्ट्याबाहेर जगात कुठे सापडत नाही. हा पोरांना गुडघ्यावर बसवून एकेक फूल दाखवायचा. गेल्या काही वर्षांत मात्र कुठलीही गोष्ट सांगितली, अगदी माझ्या बागेतल्या तुडतुड्याचीसुद्धा, की त्याचा पहिला प्रश्न असतो, "ह्यातून पेपर निघात काय रे?"

हे कुठून आलं ते बघू. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१० मध्ये प्राध्यापकांसाठी एपीआय नावाची गुणपद्धत आणली. शिकवणं, इतर उपक्रम, संशोधन, सगळ्याला गुण. त्यावर बरीच ओरड झाली, मग २०१८ च्या नियमांत ती बदलली, पण संशोधनाचा स्कोअर राहिला. त्या तक्त्यात सायन्सच्या एका पेपरला ८ गुण आहेत, भाषा आणि सामाजिक शास्त्रांना १०, वर जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे (त्या जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात तो आकडा) वाढीव. कॉलेजात असोसिएट प्रोफेसरचा पूर्ण प्रोफेसर व्हायचं तर इतर अटींबरोबर किमान १० पेपर आणि ११० चा स्कोअर लागतो.

आता त्यातली एक गंमत. पेपरचे लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. म्हणजे ८ चे ५.६, पण दोघांनाही. समजा मी एक पेपर लिहिला, तुम्ही एक लिहिला, आपापल्या नावावर ठेवला तर प्रत्येकी ८. आणि मी माझ्यात तुमचं नाव घातलं, तुम्ही तुमच्यात माझं, तर प्रत्येकी ११.२. काम तेवढंच, गुण ४० टक्के जास्त. यात कोणी चोर नाही, नियमच तसा आहे, आणि ज्याला भागाकार येतो त्याला हे दिसणारच.

इथपर्यंत सगळे सांगतात. गुडहार्टचा नियम म्हणून हे प्रसिद्ध आहे. चार्ल्स गुडहार्ट हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ, १९७५ मध्ये ते बोलत होते चलनाच्या धोरणाबद्दल, पण माप हेच ध्येय झालं की ते चांगलं माप राहत नाही, हे जे आपण हल्ली ऐकतो ते रूप दिलं मेरिलिन स्ट्रॅदर्न या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी, १९९७ मध्ये, आणि त्यांचा विषय होता ब्रिटिश विद्यापीठांमधलं ऑडिट! कोकणात हे वेगळं शिकवायला नको. पेटीवर 'देवगड हापूस' लिहिलं की भाव मिळतो हे एकदा कळल्यावर कर्नाटकातल्या आंब्यानेही देवगडात जन्म घ्यायला सुरुवात केली.

पण गुडहार्ट फक्त माप कसं बिघडतं ते सांगतो. माणूस का बिघडतो, किंवा बिघडतो नको म्हणू, बदलतो, ते त्यात नाही. त्यासाठी मला १९७३ चा एक प्रयोग भयंकर आवडतो, तो जरा सावकाश सांगतो.

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या आवारातल्या बालवाडीत हा केला. (हो, तेच स्टॅनफर्ड, फ्लेक्सवालं.) तीन ते पाच वर्षांची अशी पोरं निवडली ज्यांना रंगीत स्केचपेननी चित्रं काढायला मुळातच आवडायचं. तीन गट केले. पहिल्याला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर हे सोनेरी स्टार आणि रिबिनवालं सर्टिफिकेट मिळेल. दुसऱ्याला काही सांगितलं नाही, पण चित्र काढून झाल्यावर तेच सर्टिफिकेट अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. मग एक-दोन आठवडे जाऊ दिले आणि नेहमीच्या खेळाच्या वेळात टेबलावर पेनं ठेवून लपून बघितलं, कोण आपणहून चित्रं काढतंय. काहीच न मिळालेल्या पोरांनी १६.७ टक्के वेळ चित्रांना दिला, अचानक बक्षीस मिळालेल्यांनी १८.१, आणि ज्यांना आधी सांगून बक्षीस दिलं होतं त्यांनी फक्त ८.६. साधारण निम्मा.

नीट बघा, दुसऱ्या आणि पहिल्या गटाला बक्षीस तेच मिळालं, स्टार तोच, रिबीन तीच. फरक एवढाच की पहिल्या गटाला चित्र काढताना माहीत होतं. म्हणजे वस्तूने काही बिघडवलं नाही, 'मी हे का करतोय' या प्रश्नाचं उत्तर बदललं.

याच्या मागची कल्पना मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांची. आपल्याला वाटतं की मला अमुक आवडतं म्हणून मी ते करतो. बेम म्हणतात, बऱ्याचदा उलटं असतं. मन आतून काही स्पष्ट सांगत नसेल तर आपण स्वतःकडे परक्यासारखं बघतो, मी काय करतोय, कुठल्या परिस्थितीत करतोय, आणि त्यावरून निष्कर्ष काढतो की मी कसा माणूस आहे. सड्यावर चिखलात गुडघे टेकून बसलोय, कोणी सांगितलेलं नाही, पैसे नाहीत, म्हणजे मला हे आवडतं, म्हणजे मी बॉटनीचा माणूस. आता त्याच बसण्याला बाहेरचं कारण जोडा, 'एक्स्टेन्शन अ‍ॅक्टिव्हिटी, फायलीत लावायची'. कारण तयार मिळालं, मनाला पुढे शोधायची गरजच उरली नाही, आणि आवडीचं कारण हळूहळू वापरात नसलेल्या पाणंदीसारखं झाडीने भरून जातं. हे एकदा घडून भागत नाही, दरवर्षी तोच फॉर्म, तीच फाइल, तोच हिशोब, आणि दरवर्षी तो स्वतःला त्या फॉर्मच्या भाषेत बघतो. दहा वर्षांनी विचारा तू कोण, तर 'माझे सात पेपर आहेत, अजून तीन हवेत' असं उत्तर येतं. खोटं बोलत नाही तो, खरंच तसा झालाय.

आता थोडं किचकट आहे, सोडलंत तरी चालेल. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी याची पूर्ण शिडी मांडली. सगळ्यात खाली नुसतं बाहेरचं नियंत्रण, बक्षीस किंवा शिक्षा. त्यावर आत गिळलेलं नियंत्रण, म्हणजे कोणी बघत नसलं तरी कमी पेपरांची लाज वाटणं. त्यावर पटलेलं, म्हणजे मला यात अर्थ दिसतो. त्यावर एकजीव झालेलं, आणि शिडीच्या पलीकडे निव्वळ आवड. फॉर्म माणसाला बहुतेक दुसऱ्या पायरीवर आणून ठेवतो आणि ती सगळ्यात वाईट, कारण तिथे शिपाई बाहेर नसतो, आत असतो. त्यांनीच १९९९ मध्ये १२८ प्रयोगांचे निकाल एकत्र करून बघितले, त्यात आधी कबूल केलेल्या वस्तुरूपी बक्षिसांनी आवड कमी होते हे पुन्हा दिसलं, पण तोंडी कौतुकाने मात्र आवड वाढते असंही दिसलं. त्यामुळे 'मूल्यमापनच नको' असं म्हणणाऱ्यांनाही यातून फार काही मिळत नाही. काम वाचून कोणी 'हे छान जमलंय, हे चुकलंय' सांगितलं तर माणूस फुलतो. काम न वाचता आकडा सांगितला की हिशोबनीस होतो.

मोजल्याने काय उगवतं तेही बघण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियात निधी पेपरच्या संख्येवर द्यायला लागले तेव्हा पेपर वाढले, पण लिंडा बटलर यांनी २००३ मध्ये दाखवलं की वाढ जास्त करून कमी प्रभावाच्या जर्नलमध्ये झाली. आपल्याकडे तर दुकानंच उघडली, पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या. २०१८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली जर्नल्स तपासली तर त्यातली ८८ टक्क्यांवर दर्जाला न उतरणारी निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढून टाकली. ज्यांचे पेपर तिथे छापलेले होते त्या सगळ्यांना मी फसवे म्हणणार नाही, त्यांनी यादी बघूनच छापले होते.

आणि जे उगवत नाही ते? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रत्ना' आंबा घ्या, नीलम आणि हापूसचा संकर, १९८१ मध्ये आला, त्यात साका होत नाही. हापूसवाल्याला साका म्हणजे काय ते विचारा, वरून सोन्यासारखा आणि कापला की आत पांढरा बोंडा. पुढे रत्ना आणि हापूसचा संकर करून 'सिंधु' काढला, तो १९९२ चा. आंब्याचं कलम नाही, कोयीचं रोप लावून त्याला फळ धरेपर्यंत थांबायचं, मग ते फळ वर्षानुवर्षं चाखायचं, तोलायचं, बहुतेक टाकून द्यायचं. असं काम करणाऱ्याला दरवर्षी 'यंदा पेपर किती' विचारलं असतं तर त्याने आंबा सोडून काहीतरी तीन महिन्यांत उगवणारं धरलं असतं. पीटर हिग्ज, ज्यांच्या नावाचा कण, त्यांनी २०१३ मध्ये नोबेल घ्यायला जाताना सांगितलं होतं की आजच्या काळात मला विद्यापीठात नोकरीच मिळाली नसती, पेपर फार कमी म्हणून.

आमच्याकडे देवाला कौल लावतात. उजवा आला तर काम होणार, डावा आला तर थांबा. मला त्यावर विश्वास नाही आणि घरात यावरून भांडणंही झालीत, पण कौल घेणारा निदान कबूल करतो की निर्णय त्याने देवावर टाकलाय. इंटरव्ह्यूला बसलेली कमिटी एच-इंडेक्स बघून निर्णय देते आणि त्याला वस्तुनिष्ठ म्हणते. एच-इंडेक्स म्हणजे काय तर होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलेला आकडा, १२ असेल तर तुमच्या किमान १२ पेपरांना प्रत्येकी किमान १२ सायटेशन्स आहेत. बस, एवढंच. गाभाऱ्यात ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यात गुणांऐवजी नऊ क्षेत्रांपैकी चारांत 'उल्लेखनीय योगदान' दाखवा असं होतं. मित्राला फोनवर हे सांगितलं तर त्याने लगेच विचारलं, "नऊ खंयची?" आणि कागद-पेन घेतलं, मला ऐकू आलं.

गेल्या जूनमध्ये त्याच्याबरोबर मीही सड्यावर गेलो होतो. पाऊस नुकता उघडला होता, जांभ्याच्या खळग्यांत पाणी, आणि दीपकाडी अशी उभी की पाय कुठे ठेवायचा कळेना. आधी बॅनर धरून पोरांचा जिओटॅग फोटो झाला, अक्षांश-रेखांश आणि तारखेसकट, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) फायलीला तसाच लागतो. "ह्या सगळा फायलीत जाऊक होया," म्हणाला, जरा ओशाळूनच. मग बॅनर गुंडाळला, फोन खिशात टाकला, आणि सवयीने खाली बसला. एक फूल दोन बोटांत धरून पोरांना पाकळ्या मोजायला सांगत होता, आवाज एकदम जुना झाला होता त्याचा.

तेवढ्यात मागच्या एका मुलीने हात वर केला. मला वाटलं सहा पाकळ्यांबद्दल विचारेल.

"सर, ह्याचं सर्टिफिकेट मिळणार ना?"