घरंगळवून क्यूची पारख होत नाही

फोंड्यापासून म्हापशापर्यंत पूल या चेंडूंच्या खेळाच्या टेबलाभोवती क्यू, म्हणजे चेंडू मारायची लांब काठी, घेताना एक सल्ला हमखास मिळतो: ती टेबलावर घरंगळव, डुगडुगली तर वाकडी, घेऊ नकोस. या सल्ल्यापायी चांगल्या स्वस्त क्यू परत ठेवल्या जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दोन तुकड्यांची क्यू जोडावर किंचित इकडेतिकडे असली, किंवा तिचा निमुळतेपणा सगळीकडे सारखा नसला, तरी ती घरंगळताना हलते. एवढ्याशा हलण्याने फटका बिघडत नाही. त्यापेक्षा नेम धरावा तशी क्यू एका डोळ्यासमोर धरा आणि हळूहळू फिरवा. शाफ्टला, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागाला, बाक असेल तर तिथेच दिसतो. मग जोड घट्ट आवळून टिचकी मारा. खुळखुळ ऐकू आली तर मात्र ती नकोच.

पैसे मोजकेच असतील तर लक्ष टिपवर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टोकावर, ठेवा. स्क्रूने बसवलेली टाळा. चिकटवलेली, साधारण १३ मिमीची चामड्याची टिप बघा, झिजली की बदलता येते. वजन १९ औंसांच्या आसपास ठीक. नक्षीने चेंडू जराही वेगळा जात नाही.

आणि पावसाळ्यात क्यू भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नका. आपल्या दमट हवेत सरळ लाकूडही बाक धरतं.