नभोवाणीवरील बातमीचा अधिकार: नागपुरातील पोस्टडॉक्टरल संशोधनाची पार्श्वभूमी

राजकारण, माध्यमे आणि तंत्रज्ञान यांच्या संबंधांचा इतिहास विदर्भातून लिहायचा तर वृत्तपत्रांपासून सुरुवात करण्याचा मोह होतो. पोस्टडॉक्टरल कामासाठी मात्र नभोवाणी हे अधिक सकस क्षेत्र आहे, कारण छापखान्यावर सरकारला बंधने बाहेरून लादावी लागतात, तर प्रक्षेपणाचा परवाना मुळातच सरकारच्या हाती असतो. ही व्यवस्था 1885 च्या तार कायद्यातून आली आणि स्वातंत्र्यानंतरही टिकली. नागपूरचे सरकारी केंद्र 1948 मध्ये सुरू झाले तेव्हा हे शहर मध्य प्रांत व वऱ्हाड या द्विभाषिक प्रांताची राजधानी होते. 1956 मध्ये राजधानीचा मान गेला, केंद्र राहिले. आणीबाणीत वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण, म्हणजे छापण्याआधीच मजकुराची सरकारी तपासणी, आले. नभोवाणीसाठी तशा वेगळ्या व्यवस्थेची गरजच नव्हती.

खरा वाद 1995 नंतरचा आहे. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगून सरकारी मक्तेदारी अमान्य केली, आणि नियमनासाठी सरकारपासून स्वतंत्र अशी सार्वजनिक यंत्रणा हवी, असेही म्हटले. यातील मालमत्तेचा भाग सरकारने तत्परतेने उचलला व लहरींचे लिलाव सुरू केले. स्वायत्त नियमनाचा भाग तितक्या उत्साहाने पुढे नेला नाही. खासगी वाहिन्यांना दूरचित्रवाणीवर चोवीस तास बातम्या देता येऊ लागल्या, पण 2005 च्या धोरणानंतर नागपुरात आलेल्या खासगी एफएम केंद्रांना बातम्या व चालू घडामोडींची बंदी होती. 2011 च्या धोरणाने सरकारी नभोवाणीचे बातमीपत्र कोणताही बदल न करता पुनःप्रक्षेपित करण्याची मुभा दिली. रहदारी, हवामान, परीक्षा आणि स्थानिक प्रशासनाने पुरवलेल्या वीज-पाण्याच्या सूचना या बातम्या नाहीत, असेही त्यात ठरले. म्हणजे उद्या धरमपेठेत पाणी येणार नाही हे निवेदकाने सांगावे, पण त्याला जबाबदार कोण याची चर्चा करू नये! सुरक्षितता आणि देखरेखीच्या अडचणी हे सरकारचे समर्थन अगदीच निराधार नसले, तरी तेच निकष दूरचित्रवाणीला का लागू नाहीत, याचे पटण्यासारखे उत्तर त्यातून मिळत नाही.

या बंदीला 2013 मध्ये जनहित याचिकेद्वारे आव्हान देण्यात आले. 2023 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) दर तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्यांना परवानगी देण्याची शिफारस केली, आणि त्याच वर्षी 1885 च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने मंजूर केला. मात्र एफएमवरील बातमीबंदी जुन्या कायद्याच्या कलमांत लिहिलेली नव्हती. ती धोरणात आणि केंद्रचालकांशी झालेल्या परवानगी-करारात आहे. त्यामुळे या विषयाच्या अभ्यासकाने संसदेतील चर्चांच्या आधी ते करार वाचायला घेणे अधिक उपयोगाचे ठरेल.