'ओला दुष्काळ' आणि नियमावली : एका मागणीची पार्श्वभूमी

अधिवेशन मुंबईचे असो की नागपूरचे, मराठवाड्यातला किंवा विदर्भातला एखादा आमदार लक्षवेधीवर, म्हणजे तातडीच्या प्रश्नाकडे सरकारचे लक्ष वेधणाऱ्या सूचनेवर, उभा राहतो. कुजलेले सोयाबीन, बोंडातच भिजलेला कापूस आणि नदीकाठचे खरडून गेलेले रान सभागृहापुढे मांडतो आणि शेवटी विचारतो, की सरकार ओला दुष्काळ जाहीर करणार आहे का. मंत्र्यांचे उत्तर पक्ष बदलला तरी फारसे बदलत नाही: असा शब्द दुष्काळाच्या नियमावलीत नाही, पण शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडणार नाही. पुढचे उपप्रश्न मग त्या शब्दावरच होतात. हेक्टरी किती, किती हेक्टरांपर्यंत, कर्जाचे काय, खरडलेल्या जमिनीत माती कोण आणून टाकणार, हे प्रश्न वेळ संपल्यावर उरतात. २०२० च्या परतीच्या पावसानंतर ही मागणी तेव्हाच्या विरोधकांनी केली, २०२५ मध्ये सत्तेतून विरोधात गेलेल्यांनी. म्हणून शब्दाचा हा गुंता मुळापासून पाहायला हवा.

मराठीत दुष्काळ म्हणजे वाईट काळ. तो पाण्यावाचून येतो तसा पाण्याने, टोळाने, रोगानेही येतो. म्हणूनच 'कोरडा' आणि 'ओला' अशी विशेषणे आपल्याकडे सहज लागतात आणि ऐकणाऱ्याला त्यात विसंगती वाटत नाही. इंग्रजीत मात्र दोन वेगळे शब्द आहेत. 'फॅमिन' म्हणजे अन्नान्नदशा आणि 'ड्रॉट' म्हणजे अवर्षण. आपण दोन्हींचे भाषांतर दुष्काळ असेच केले. १८७६ ते ७८ च्या भीषण उपासमारीनंतर ब्रिटिशांनी ज्या संहिता केल्या त्या 'फॅमिन'च्या होत्या. आज मंत्री ज्या नियमावलीचा हवाला देतात ती 'ड्रॉट'ची आहे. पावसाने पीक बुडाले तर 'ड्रॉट' म्हणता येत नाही, हे इंग्रजीत बरोबरच आहे. पण त्या भाषांतराच्या अडचणीवर शेतकऱ्याची मागणी निकालात काढणे मला पटत नाही. आमदार मराठीत बोलतो आहे आणि त्याचा शब्द मराठीत बिनचूक आहे.

या शब्दावर आपल्या राज्याने याआधीही कात्री चालवली आहे. १९६३ मध्ये महाराष्ट्राने चक्क एक कायदा करून राज्यात लागू असलेल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकला आणि त्या जागी 'स्कॅर्सिटी', म्हणजे टंचाई, आणला. शेतीच्या स्थितीवर सरकारचे सतत लक्ष असते, त्यामुळे दुष्काळ पडायला वावच नाही, अशी त्यामागची भूमिका होती. दहा वर्षांच्या आत १९७२ आले. लाखो माणसे खडी फोडायला रस्त्याच्या कामांवर गेली, त्यातून रोजगार हमी उभी राहिली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला. लोक त्याला आजही बहात्तरचा दुष्काळच म्हणतात. बहात्तरची टंचाई असे म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

कागदावर मात्र टंचाई, टंचाईसदृश, दुष्काळसदृश अशी शब्दांची उतरंड पुढची पन्नास वर्षे टिकली. पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या तुलनेत रुपयाला किती पैसे पीक आले याचा महसुली अंदाज, पन्नास पैशांच्या खाली गेली की गाव 'टंचाईग्रस्त' व्हायचे. २०१५-१६ मध्ये हा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि मे २०१६ मध्ये सरकारने सांगितले, की सुमारे २९ हजार गावांच्या बाबतीत आधीच्या आदेशांतील 'टंचाई'च्या जागी 'दुष्काळ' असे वाचावे. सरकारला एका कागदाने शब्द बदलता येतो, हे तेव्हा दिसले. नियमावलीत शब्द नाही या उत्तराकडे पाहताना हा दाखला विसरू नये.

त्याच मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला दुष्काळाची नियमावली नव्याने करायला सांगितली. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या संहितेने पैसेवारीचे महत्त्व कमी केले आणि पाऊस, पेरणी, जमिनीतील ओल, भूजल, उपग्रहाने टिपलेली पिकाची हिरवाई असे निर्देशांक आणले. सगळे निर्देशांक पाणी कमी पडल्याचे मोजतात. जास्त पडल्याचे मोजणारा एकही नाही. या संहितेप्रमाणे २०१८ मध्ये १५१ तालुके आणि २०२३ मध्ये ४० तालुके दुष्काळी ठरले. २०२३ ला बाकीच्या आमदारांनी आपला तालुका का नाही म्हणून जाब विचारला, तेव्हा आणखी १०२१ महसूल मंडळांत (तालुक्यातील काही गावांचा महसुली गट म्हणजे मंडळ) 'दुष्काळसदृश' परिस्थिती जाहीर झाली. सदृश हा शब्द असा परत आला.

मग 'जाहीर करा' या मागणीत एवढे काय आहे? दुष्काळ जाहीर झाला की ठरावीक सवलती आपोआप लागू होतात: जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या निकषात शिथिलता, गरज तिथे टँकर, आणि पंपाची वीज न तोडणे. अतिवृष्टीत असे काही आपोआप होत नाही. तिथे पंचनामा होतो आणि नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर हेक्टरी रक्कम मिळते. (ही अट २०१५ पर्यंत ५० टक्क्यांची होती.) बँकेचा वसुलीवाला मात्र दारात येतच राहतो. ओला दुष्काळ म्हणणाऱ्याला नेमके हे थांबवायचे असते. सभागृहात ही फोड क्वचितच होते, आणि प्रश्नकर्त्या आमदारांचाही त्यात दोष आहे. शब्दाऐवजी या आठ सवलतींची नावे घेऊन एकेक होय की नाही असे विचारले असते, तर मंत्र्यांना नियमावलीमागे जाता आले नसते.

अतिवृष्टी कशी ठरते, हेही वादाचेच. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी. एका मंडळात अनेक गावे असतात आणि पर्जन्यमापक एका जागी. गेल्या काही वर्षांत राज्यभर दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रे बसली, तरी यंत्राच्या गावात रिपरिप आणि चार कोसांवर ओढ्याला पूर, हे चालूच आहे. शिवाय ६० मिलिमीटर रोज असा आठवडाभर पाऊस पडला तर पीक उभ्याने सडते, पण अतिवृष्टी एकाही दिवशी भरत नाही. आमदारांनी लावून धरलेल्या मुद्द्यांपैकी हा एक खरोखर मार्गी लागला. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने 'सततचा पाऊस' ही राज्याची आपत्ती मानली. सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर, सरासरीच्या दीडपट पाऊस आणि पिकाच्या हिरवाईची उपग्रहावरून पडताळणी, असे त्याचे निकष आहेत. केंद्राच्या मदतपात्र आपत्तींच्या यादीत पूर, गारपीट, ढगफुटी आहेत. सततचा पाऊस नाही. राज्याला जे यादीबाहेरचे वाटते त्यासाठी आपत्ती प्रतिसाद निधीतला दहा टक्के वाटाच वापरता येतो. म्हणजे नवा शब्द घालणे जमते, त्यामागे पैसा उभा करणे अवघड जाते.

पैशाचे दर तर दर हंगामाला हलत राहिले. २०१९ च्या अवकाळीनंतर खरिपाला हेक्टरी आठ हजार आणि बहुवार्षिक फळबागेला १८ हजार. २०२० ला दहा आणि २५ हजार. २०२२ ला केंद्राच्या तेव्हाच्या दरांच्या दुप्पट, म्हणजे जिरायतीला १३,६००, बागायतीला २७ हजार, फळबागेला ३६ हजार, आणि मर्यादा दोनऐवजी तीन हेक्टर. २०२५ च्या पेरण्यांच्या तोंडावर हे सगळे केंद्रीय निकषांवर परत आणले गेले: ८,५००, १७ हजार, २२,५०० आणि दोन हेक्टर. जिरायतीला एकरी साडेतीन हजारांच्या आतच. सोयाबीनच्या बियाण्याची बॅग, खत आणि फवारणी यांचा हिशेब ज्याने एकदा तरी घातला आहे त्याला यावर वेगळे सांगायला नको.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पाणी आले. सीना, तेरणा, मांजरा, गोदावरी पात्र सोडून वाहिल्या. धाराशिवच्या परंडा-भूम भागात आणि सोलापूर जिल्ह्यात माणसे छपरांवरून काढावी लागली. नुकसान ६८ लाख हेक्टरांच्या पुढे गेले. ओल्या दुष्काळाची मागणी पुन्हा आली, उत्तरही तेच आले, पण या वेळी त्याला एक जोड होती: शब्द नसला तरी दुष्काळाच्या सवलती लागू करू. ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले. मर्यादा पुन्हा तीन हेक्टर झाली, रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी दहा हजार जास्तीचे, खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंत काम. महसूल सूट, कर्ज पुनर्गठन, वसुली स्थगिती, फी माफी याही गोष्टी आल्या. म्हणजे ओल्या दुष्काळात जे मागितले जात होते त्यातले बरेचसे नाव न घेता दिले गेले. पुढच्या पुराला हे आपोआप मिळणार का, की पुन्हा सभागृह डोक्यावर घ्यावे लागणार, याचा नियम मात्र त्या निर्णयाने झाला नाही.

खरडलेल्या जमिनीचा प्रश्न शेतीचा की पर्यावरणाचा, यावरून तो मंत्र्या-मंत्र्यांत फिरतो. पंचनामा महसूलचा, मदत पुनर्वसनची, धरणातून सोडलेले पाणी जलसंपदाचे, कर्ज सहकारचे, पीक कृषीचे. पात्रात झालेली बांधकामे, वाळूचा उपसा, गाळाने उथळ झालेले ओढे यांबद्दल विचारले की उत्तर पुढच्या खात्याकडे सरकते. हातभर माती वाहून गेली की खाली मुरूम उरतो. ती माती एका हंगामात होत नाही, म्हणून हे नुकसान त्या वर्षीच्या पिकापुरते नसते.

पीकविम्याची बाजूही २०२५ मध्येच आकसली. २०२३ मध्ये आणलेली एक रुपयाची योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीनंतरचे नुकसान यांचे संरक्षणही गेले. भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगाच्या, म्हणजे निवडक शेतांत कापणी करून काढलेल्या उत्पादनाच्या, आकड्यावर आली. पाण्याखाली गेलेल्या शेताचा फोटो पाठवून दावा करण्याची सोय नेमकी त्या सप्टेंबरात नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केले, की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान आणि भाताचे पाण्याखाली जाणे पुन्हा विम्यात येईल. त्यात भात आहे. मराठवाड्यातले सोयाबीन आणि कापूस नाही.