देऊळ हललं, म्हणून टिकलं

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या हिमाचलच्या लाकडी-दगडी देवळांचे फोटो फिरतायत. खाली ठरलेली ओळ: 'खिळा नाही, सिमेंट नाही, तरी भूकंपात हललं नाही. दैवी शक्ती!' 'हललं नाही' हेच मुळात चूक.

सराहनचं भीमाकाली मंदिर असो की नग्गरचा किल्ला, भिंत 'काठ-कुणी' पद्धतीची. देवदाराच्या तुळयांचा थर, त्यावर कोरड्या रचलेल्या दगडांचा, पुन्हा तुळया. चुना नाही. तुळया जोडीने: एक भिंतीच्या आतल्या अंगाला, एक बाहेरच्या, दोघींना आडव्या लाकडी तुकड्यांनी जखडलेलं.

आता खरी गंमत. जमीन आडवी हादरली की वरच्या भिंतीला खेचणारं बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. थराला धरून ठेवणारं घर्षण म्हणजे घर्षणांक (दोन पृष्ठभाग एकमेकांना किती अडवतात तो आकडा) गुणिले वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण. वस्तुमान दोन्हीकडे, म्हणजे कटलं! घर्षणांक 0.5 धरा. हादऱ्याचं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या निम्म्यावर गेलं की थर सरकतो, आणि त्याहून मोठा आडवा धक्का ढोबळमानाने वर पोचतच नाही. भिंत जड असो वा हलकी! शिवाय प्रत्येक सरकण्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते: एका आवर्तनात, म्हणजे एकदा पुढे-मागे होण्यात, चार गुणिले घर्षणबल गुणिले आयाम (मधल्या जागेपासून जास्तीत जास्त सरकणं). (उभ्या हादऱ्यात वजन क्षणभर घटतं, त्याबरोबर घर्षणही. ते गणित किचकट आहे, सोडून देऊ.)

4 एप्रिल 1905 च्या कांगडा भूकंपात सुमारे 20,000 माणसं गेली. कांगड्याचं दगडी ब्रजेश्वरी मंदिर कोसळलं. देवी तिथेही होतीच. नग्गरचा किल्ला टिकला. अर्थात नग्गर कांगड्यापासून लांब, त्यामुळे तुलना अगदी सरळ नाही.

आपल्याकडे 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत उलटं घडलं. दगडमातीच्या जाडजूड भिंती, डोक्यावर माळवदाचं ओझं, आणि भिंतीची आतली-बाहेरची बाजू एकमेकींना बांधणारं काही नाही. दोन्ही बाजू फाकल्या, माळवद खाली आलं. अशा बांधकामासाठीचं भारतीय मानक 13828 सांगतं, की उंचीत दर 60 सेंटिमीटरला आणि आडव्या दिशेने फार तर 1.2 मीटरवर भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड बसवा. तसा दगड मिळाला नाही तर लाकडाचा दांडकाही चालतो.