गॅसगळती वेगळी, कार्बन मोनॉक्साइड वेगळा

दिवाळी उलटून नाशिक-निफाडकडचा पारा उतरू लागला, की घरोघरी दोन कामे हमखास होतात: बाथरूमच्या झरोक्याला पुठ्ठा लागतो आणि गॅस गिझर रोज पेटू लागतो. त्याच सुमारास बंद बाथरूममध्ये कोणी बेशुद्ध सापडल्याची बातमी येते आणि ऐकणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘गॅस लीक झाला असेल.’ पुष्कळदा गॅस मुळीच गळलेला नसतो. हे दोन धोके एकच समजल्यामुळे लोक एकावरचा उपाय दुसऱ्यावर करतात आणि निर्धास्त राहतात.

गळती सर्वांना ठाऊक आहे. एलपीजीत मुद्दाम उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळलेले असते, त्यामुळे ती नाकाला कळते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि ठिणगी मिळाल्यास भडकतो. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणांना हात लावू नये आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करावा.

कार्बन मोनॉक्साइड मात्र सिलिंडरमध्ये नसतोच. तो ज्योतीत तयार होतो. गळतीत न जळलेला गॅस बाहेर पडतो, तर हा वायू गॅस अपुरा जळल्यामुळे निर्माण होतो. गिझर स्वयंपाकाच्या बर्नरच्या कितीतरी पट गॅस जाळतो आणि पाच बाय सात फुटांच्या बंद खोलीतली हवा त्याला फार वेळ पुरत नाही. हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून उतरू लागला, की ज्वलन बिघडते आणि हा वायू वाढत जातो. म्हणून पहिल्याची आंघोळ सुखरूप होते आणि दार पुन्हा लावून लगेच आत गेलेला दुसरा किंवा तिसरा माणूस कोसळू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते आणि काही बिनसले आहे हे उमगेपर्यंत कडी काढण्याचे त्राण उरत नाही.

म्हणूनच ‘आमचा सिलिंडर गॅलरीत आहे, काळजी नाही’ हे वाक्य ऐकले की मला मनस्वी राग येतो. सिलिंडर बाहेर नेल्याने त्याच्या गळतीचा धोका घटतो. ज्योत आत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका तसूभरही कमी होत नाही. स्वयंपाकघरासाठी घेतलेला गॅसगळतीचा अलार्मही या वायूची सूचना देत नाही, त्यासाठी वेगळा अलार्म लागतो. एक्झॉस्ट पंखा हवा बाहेर टाकतो खरा, पण ताजी हवा आत यायला वाट नसेल तर त्याच्या भरवशावर राहू नये.

माझे मत ठाम आहे: गॅस गिझर बाथरूममध्ये बसवूच नये. तो उघड्या बाल्कनीत लावून फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्यावा, नाहीतर विजेचा गिझर घ्यावा. भाड्याच्या घरात हे शक्य नसेल तर दार उघडे ठेवून बादल्या भराव्यात, गिझर बंद करावा, आतली हवा पालटू द्यावी आणि मगच आंघोळीला जावे. झरोक्याचा पुठ्ठा आजच काढावा, थोडी थंडी वाजली तरी चालेल.

कोळशाच्या शेगडीलाही हेच लागू आहे. धूर संपून निखारे लाल झाले की शेगडी निजायच्या खोलीत आणतात. पण बिनधुराचे निखारेच हा वायू मुबलक सोडतात.

कोणी बेशुद्ध आढळल्यास आधी मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करावा. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्त त्याला ऑक्सिजनयुक्तच भासते आणि आकडा ९८ दिसू शकतो. चक्कर किंवा फिट समजून उपचार सुरू होऊ नयेत, यासाठी बंद खोलीत गॅस गिझर चालू होता हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.