पाणसळीतला बुडबुडा कुठे गेला?

गेल्या वर्षी स्वयंपाकघराचा ओटा नव्यानं घातला. ग्रॅनाइट बसवून झाल्यावर मी उत्साहानं फोन काढला, त्यातली पाणसळ उघडली आणि फोन ओट्यावर उताणा ठेवला. आकडा आला दीड अंश. ‘मिस्त्री, ओटा कलतोय.’ मिस्त्रींनी वाद घातला नाही. फोन उचलला, टोकांची अदलाबदल करून त्याच जागी पुन्हा ठेवला. पुन्हा दीड अंश, आणि वर आलेलं टोक पुन्हा कॅमेऱ्याचंच. ओटा कलता असता तर आता फोनचं दुसरं टोक वर यायला हवं होतं. ‘ओटा सरळ हाय. कलतोय तो तुमचा फोन,’ ते म्हणाले. पाठीवरच्या कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन सपाट बसतच नव्हता.

पाणसळ खरी की खोटी हे ताडून बघायची गवंड्यांची ही जुनीच पद्धत. तीच मिस्त्रींनी माझ्या यंत्राला लावली. मी ओशाळलो, पण ते माझ्या डोक्यात एक किडा सोडून गेले. पाणसळीत द्रव असतो, त्यात बुडबुडा असतो. फोनमध्ये यातलं काय आहे?

काहीच नाही. फोननं टॉर्च, कॅमेरा, होकायंत्र, रेडिओ सगळं गिळलं असं आपण म्हणतो खरं, पण त्याचं पोट फाडून पाहिलं तर यातल्या बहुतेक वस्तू आत सापडत नाहीत. फोन मोजतो भलतंच काहीतरी, आणि आपल्याला हवं ते उत्तर त्यावरून हिशेबानं काढतो.

पाणसळीचंच घ्या. फोनमध्ये सिलिकॉनची एक चिप असते. तिच्यात, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही एवढं एक सिलिकॉनचंच वजन बारीक स्प्रिंगांवर लटकवलेलं असतं. वजनाच्या कडेला कंगव्यासारखे दात असतात आणि ते समोरच्या पक्क्या बसवलेल्या दातांमध्ये, न टेकता, गुंतलेले असतात. फोन कलला की गुरुत्वाकर्षणानं वजन किंचित सरकतं, दातांमधलं अंतर बदलतं आणि त्यांची विद्युतधारकता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, बदलते. फोन वाचतो ती ही धारकता. एक अंश कलला तर त्या बाजूला गुरुत्वाकर्षणाचा जेमतेम पावणेदोन टक्के भाग येतो. तेवढ्यावरून तो कोन सांगतो. अशा चिपा मोठ्या प्रमाणावर आधी आल्या त्या 1990 च्या दशकात, मोटारींतल्या एअरबॅगसाठी. धडक बसली हे ओळखायचं काम त्यांचं होतं.

धडक ओळखणारी चिप असल्यामुळे तिचा एक घोळ मात्र कायम आहे. गुरुत्वाकर्षणाची ओढ आणि वाहनाचा हिसका यांतला फरक तिला एकटीला कळत नाही. एसटीनं ब्रेक मारला की फोनमधली पाणसळ सांगते, जमीन कलली. पावलंही हीच चिप मोजते, त्यामुळे खड्ड्यांच्या रस्त्यावर रिक्षात बसूनही थोडंफार चालल्याचं पुण्य पदरात पडू शकतं.

होकायंत्राची गोष्ट यापेक्षा रंगतदार आहे. फोनमध्ये गरगर फिरणारी सुई नाही. बऱ्याच फोनांत असते ती एडविन हॉल यानं 1879 मध्ये सोन्याच्या पातळ वर्खावर प्रयोग करताना पाहिलेली करामत. पातळ पट्टीतून वीज वाहत असताना तिला चुंबकीय क्षेत्रात धरलं, तर विजेचे कण एका कडेला ढकलले जातात आणि दोन कडांमध्ये अगदी थोडा विद्युतदाब तयार होतो. तीन दिशांना तोंड करून असे तीन संवेदक, म्हणजे सेन्सर, बसवले की क्षेत्र कुठल्या दिशेला किती आहे हे कळतं.

अडचण अशी, की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र फार दुबळं. आपल्याकडे ते साधारण 40 मायक्रोटेस्ला भरतं. आणि फोनच्या स्पीकरमध्ये, या संवेदकापासून काही सेंटिमीटरवर, चांगला दणदणीत चुंबक बसलेला असतो. म्हणजे ढोल-ताशाच्या पथकात उभं राहून कुजबुज ऐकायची.

या अडचणीशी मुंबईची जुनी ओळख आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून भूचुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचं ठरलं. वीज वाहिली की चुंबकीय क्षेत्र आलंच, म्हणजे कुलाब्याच्या नोंदींत ट्रामची लुडबुड ठरलेली. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी मोजणी मुंबईबाहेर हलवायचं ठरवलं आणि 1904 मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली. इमारतीला दगड वापरला तो पोरबंदरचा, कारण आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, स्वतःच थोडा चुंबकीय असतो. जुनी मालिका आणि नवी मालिका जुळावी म्हणून दोन वर्षं दोन्हीकडे मोजणी चालू ठेवली. ही वेधशाळा आजही भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि अलिबागच्या नोंदी चालू आहेत.

फोनला अलिबागला जाता येत नाही. त्याची ट्राम त्याच्याच पोटात. म्हणून तो आपल्याला विनंती करतो: मला हवेत आठच्या आकड्यासारखं फिरवा. हे करताना माणूस चारचौघांत जरा वेडा दिसतो, पण यामागचा हिशेब सुंदर आहे. स्पीकरचा चुंबक फोनबरोबरच फिरतो, त्यामुळे फोनला तो नेहमी एकाच बाजूला, तेवढाच जाणवतो. पृथ्वीचं क्षेत्र मात्र जागच्या जागी असतं, म्हणून फोन फिरेल तसं ते बदलताना दिसतं. जे बदललं नाही ते घरातलं. ते वजा केलं की उरतं ते पृथ्वीचं. चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर नवीन घातलं, की उत्तर दिशा भरकटते ती याच कारणानं. घरातला एक सदस्य वाढला आणि वजाबाकी जुनीच राहिली.

घड्याळ मात्र या सगळ्याला अपवाद आहे. ते खरोखर फोनच्या आत आहे. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळात सेकंदाला 32,768 वेळा थरथरणारा स्फटिक असतो. तो आकडा विचित्र वाटतो, पण पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणजे सेकंदाला एक टिक. तसाच स्फटिक फोनमध्येही बसवलेला असतो. तो थोडा मागेपुढे झाला तर नेटवर्कवरून वेळ दुरुस्त होते, एवढंच. टॉर्चबद्दल फार सांगण्यासारखं नाही: निळा प्रकाश देणारा एलईडी आणि त्यावर पिवळसर लेप, दोन्ही मिळून पांढरा उजेड. तो निळा एलईडी बनवणं इतकं जिकिरीचं होतं, की त्यासाठी तिघा शास्त्रज्ञांना 2014 चं नोबेल मिळालं. कॅल्क्युलेटरबद्दल तर काय बोलणार, फोन दुसरं करतोच काय?

कॅमेऱ्याकडे येतो, कारण इथे हिशेबाची कमाल आहे. फोनच्या संवेदकाला रंग दिसत नाहीत, फक्त उजेड किती पडला ते कळतं. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच काच बसवतात. हिरव्या निम्म्या, कारण आपल्या डोळ्यांना हिरवं जास्त बारकाईनं दिसतं. लाल आणि निळ्या पाव-पाव. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची 1970 च्या दशकातली ही युक्ती. आता 1 कोटी 20 लाख ठिपक्यांच्या फोटोला प्रत्येकी तीन रंग, म्हणजे 3 कोटी 60 लाख आकडे लागतात. त्यांतले मोजलेले फक्त 1 कोटी 20 लाख. बाकीचे 2 कोटी 40 लाख फोन शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजानं भरतो. लग्नाच्या फोटोत इरकलीच्या बारीक चौकड्यांवर कधीकधी नसलेले रंगीबेरंगी तरंग उमटतात, तेव्हा हा अंदाज चुकलेला असतो.

रात्रीच्या फोटोचंही तसंच. भिंग इवलंसं, त्यामुळे उजेड कमी आणि फोटोत दाणे जास्त. मग फोन एका दाबात अनेक फोटो घेतो, एकमेकांवर जुळवतो आणि सरासरी काढतो. दाणे प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी पडतात, म्हणून सरासरीत विरतात. नऊ फोटो घेतले तर एक तृतीयांश राहतात. एकेकाळी 36 फोटोंचा रोल पाचगणी-महाबळेश्वरच्या अख्ख्या सहलीला पुरवायचो. आता तेवढे फोटो एका दिव्याच्या फोटोत खपतील.

पण लांबीपुढे हिशेबाचंही काही चालत नाही. एफएमची लहर साधारण तीन मीटरची, तिला पाऊण मीटरचा एरियल लागतो. तो फोनमध्ये मावेना, म्हणून ‘आधी इअरफोन लावा’ असं फोन सांगायचा. इअरफोनची वायर हाच एरियल. मीडियम वेव्हच्या लहरी तर शेकडो मीटर लांब. त्यांच्या वाटेला फोन गेलाच नाही. आज फोनवर आकाशवाणी लागते, ती इंटरनेटवरून.

आवाजाचंही तेच. काळी एक या पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे 69 वेळा कंप पावते. एवढा खालचा स्वर द्यायला बरीच हवा ढकलावी लागते आणि फोनच्या नखाएवढ्या स्पीकरची ती ताकद नाही. तरी फोनवर तंबोरा लावून माणसं रियाझ करतात आणि खर्ज ऐकू येतो. कारण तारेतून 69 बरोबर 138, 207, 276 असे वरचे स्वरही निघत असतात. त्यांतले बरेच वरचे फोन कसेबसे पोचवतो. त्या स्वरांमधलं अंतर कानाला सापडतं आणि मेंदू गैरहजर खर्ज भरून काढतो. खात्री करायची असेल तर फोनवर तंबोरा लावून स्पीकरसमोर तळहात धरा, आणि मग खऱ्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात ठेवून बघा.